वाचलेला वेळ कोणाचा?



आपल्या मराठी भाषेत 'पानिपत' हे केवळ एका गावाचे नाव राहिलेले नाही. धंदा बुडाला, निवडणुकीत अनामत रक्कम जप्त झाली, किंवा घरातला मुलगा गणितात नापास झाला, की आपण सहज म्हणतो, 'पानिपत झाले'. शब्द इतका घासला गेला आहे, की दिल्लीच्या उत्तरेस सुमारे नव्वद किलोमीटरवर त्या नावाचे एक गजबजलेले शहर आहे आणि तेथे माणसे रोज पोटासाठी कामावर जातात, ह्याचा आपल्याला विसर पडतो. मला तरी तो पडला होता. वैद्यकीय व्यवसायानिमित्त दिल्लीत येऊन मला तीस वर्षे होत आली. पण पानिपतास जाण्याचा योग आला नव्हता. अखेरीस गेल्या जानेवारीत गेले. इतिहासाच्या ओढीने गेले असे म्हटले तर ते खरे होणार नाही. एका रुग्णाच्या खोकल्याने मला तेथवर नेले.

हे गृहस्थ पन्नाशीतले. वीस वर्षांपूर्वी बिहारमधून पानिपतास आले आणि तेथेच राहिले. वर्षभर कोरडा खोकला, जिने चढताना धाप, रात्री छातीत शिट्टी वाजावी तसा आवाज. कोणीतरी त्यांना क्षयरोगाची औषधे सहा महिने दिली होती, थुंकीत जंतू सापडले नव्हते तरी. त्यानंतर ते माझ्याकडे आले. मी जे करावयाचे ते सर्व केले: छातीचा एक्स-रे, सी. टी. स्कॅन, रक्ताच्या तपासण्या, फुप्फुसांची शक्ती मोजणारी चाचणी. चाचणीची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. तोवर ते दिल्लीतच मेहुण्याकडे राहिले. चाचणी जवळजवळ निर्दोष आली. आठ महिन्यांत मी त्यांना पाच वेळा पाहिले. 'पाहिले' हा शब्द तरी कसा वापरावा? मी त्यांचे अहवाल पाहिले. पडद्यावर त्यांच्या फुप्फुसाचे शेकडो काप माझ्यासमोरून सरकले. त्यांच्या चेहऱ्याकडे मी एकूण किती वेळ पाहिले असेन, ह्याचा हिशोब करण्याचे मला धैर्य नाही.

पाचव्या खेपेस आमच्या विभागातील एक केरळच्या ज्येष्ठ सिस्टर त्यांना नळीत फुंकायला शिकवीत होत्या. हात कामात असताना तोंडाने काहीतरी बोलावे, म्हणून त्यांनी विचारले, "आप काम क्या करते हैं?" ते म्हणाले, "चिंदी छाँटते हैं." आणि मग, कोणी पुढचे विचारलेले नसताना, "छठ पर गाँव जाते हैं तो खाँसी छूट जाती है. लौटते ही फिर पकड़ लेती है."

मी शेजारीच उभी होते. त्या दोन वाक्यांत निदान होते. नोंदणीच्या कागदावर 'व्यवसाय' असा रकाना असतो. मी तो उघडून पाहिला. तेथे कोणीतरी टंकलेखन करून ठेवले होते: 'प्रायव्हेट जॉब'.

बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा एक इटालियन वैद्य होऊन गेला. इ. स. १७०० मध्ये त्याने कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. मोडेना शहरातील त्याच्या घरी शौचकूप उपसावयास आलेला एक मनुष्य जिवाच्या आकांताने घाई करीत होता. रामाझ्झिनीने त्याला कारण विचारले, आणि तेथून हा अभ्यास सुरू झाला. हिप्पोक्रातिसाने रुग्णास विचारावयाचे जे प्रश्न घालून दिले होते, त्यांत ह्याने एकाची भर घातली: तू काम काय करतोस? गरिबाच्या घरी गेलेल्या वैद्याने घाईने नाडी पाहून निघून जाऊ नये. सोन्याच्या खुर्चीत बसल्याप्रमाणे साध्या तिवईवर बसावे आणि विचारपूस करावी, असेही त्याने सांगितले आहे. विद्यार्थिदशेत आम्हांला हे शिकविले गेले होते. परीक्षेत मी ते उत्तर लिहिलेही होते.

आता माझा प्रश्न आपणापुढे ठेवते. मी १९९० च्या दशकात दिल्लीत रुजू झाले, तेव्हा सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात तीस-पस्तीस रुग्ण तपासत असे. छाती ठोकून पाहावयाची, पाठीवर कान लावल्यासारखा स्टेथोस्कोप फिरवावयाचा, एक्स-रेची ओली फिल्म उजेडाकडे धरून उभे राहावयाचे. वेळ लागे. मग यंत्रे आली. जे कळावयास आठवडा लागे ते तासाभरात कळू लागले. आम्हां सर्वांना वाटले, आता रुग्णाजवळ बसावयास सवड मिळेल. आज मी त्याच सकाळी सत्तर रुग्ण तपासते. यंत्राने वेळ वाचविला, ह्यात शंका नाही. परंतु तो वाचलेला वेळ गेला कोठे? तो कोणाचा होता? रुग्णाचा, माझा, की रुग्णालयाच्या हिशोबवहीचा? तो वाटून घेताना कोणी कोणाला विचारले होते काय?

हा प्रश्न वैद्यकापुरता नाही, हे आपल्या ध्यानी आलेच असेल. आपल्या घरी मिक्सर आला, कपडे धुण्याचे यंत्र आले, खिशात फोन आला. प्रत्येकाने येताना सांगितले, की मी तुझा वेळ वाचवीन. आणि तरीही वृद्ध आईवडिलांना पत्र लिहावयास आपल्या आजीला जेवढी फुरसत होती, तेवढी आपल्याला नाही. आमच्या दिल्लीतील छोट्याशा मराठी मंडळीत पूर्वी उपासनेच्या आदल्या संध्याकाळी पेटी आणि तबला घेऊन तालीम होई. आता ताल यंत्र देते. सूरही देते. गाणे बिनचूक होते. तालीम बंद झाली, आणि तालमीनंतरचा चहाही बंद झाला. तेथेच कोणाची नोकरी गेली आणि कोणाच्या घरी आजार आहे, हे आम्हांला कळत असे. (तबला वाजविणाऱ्या काकांना आता काही काम नाही. ते मागच्या बाकावर बसतात.)

पण मी पानिपताकडे वळते. निदान नक्की करण्यासाठी मोठे यंत्र लागले नाही. श्वासाचा जोर मोजणारी एक प्लॅस्टिकची नळी असते. काही शे रुपयांत मिळते. राइट नावाच्या इंग्रज संशोधकाने १९५९ मध्ये तिचा मूळ नमुना काढला. ती घरी न्यावयाची, दिवसातून चार वेळा फुंकावयाचे, आकडा लिहून ठेवावयाचा. कामाच्या दिवशी आणि सुटीच्या दिवशीही. तीन-चार आठवड्यांत चित्र स्पष्ट होते. अडचण अशी, की त्यांना लिहिता येत नाही. नोंदी त्यांच्या शाळकरी मुलीने ठेवल्या. मी तिला फक्त आकडे लिहावयास सांगितले होते. तिने चौकटींच्या वहीत ठिपके काढले: कामाच्या दिवसांचे काळे, सुटीच्या दिवसांचे लाल. ते जोडून रेघ ओढली. काळे ठिपके आठवड्याच्या शेवटापर्यंत खाली घसरत गेले होते आणि लाल ठिपक्यांशी रेघ पुन्हा चढत होती. इतका सुरेख आलेख आमच्या विभागातील एकाही निवासी डॉक्टराने आजवर मला काढून दिलेला नाही. रंगांची युक्ती तिला कोणी शिकविली, असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, पप्पा रंगच तर निवडतात.

म्हणजे काय, ते पाहावयास मी गेले.

१९४७ च्या फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या विणकरांनी पानिपतास हातमागाचे मोठे केंद्र बनविले. पुढे तेथे आणखी एक उद्योग वाढला. श्रीमंत देशांनी टाकून दिलेले लोकरी कपडे गासड्या बांधून कांडला बंदरात उतरतात आणि तेथून पानिपतास येतात. ते पुन्हा विकले जाऊ नयेत म्हणून आधीच चिरलेले असतात. गोदामात बायका आणि पुरुष जमिनीवर बसून त्यांच्या चेन, बटणे, लेबले कापून काढतात आणि रंगांप्रमाणे ढीग लावतात. मग ते यंत्रात घालून पिंजतात, सूत काततात, घोंगड्या विणतात. रंग निवडलेलाच असल्याने पुन्हा रंगवावे लागत नाही. भूकंप किंवा पूर आला म्हणजे मदत-छावण्यांत वाटल्या जाणाऱ्या स्वस्त घोंगड्यांपैकी कितीतरी ह्याच शहरात तयार झाल्या. अलीकडे पॉलिएस्टरच्या ब्लँकेटांनी हा धंदा पुष्कळ खाल्ला आहे. तरी तो संपलेला नाही.

आमच्या गृहस्थांची नजर मी पाहिली. मला जो सगळा एकच निळा दिसत होता, त्याचे त्यांनी सात ढीग केले. पिंजणयंत्राला हे जमत नाही. ते निवडलेले तेवढे फाडते. निर्मितीचे काम होते ते त्या नजरेत. तिची किंमत मात्र फुप्फुस देत होते. गोदामात प्रकाशाची तिरीप येत होती आणि तिच्यात लोकरीची धूळ हिमासारखी तरंगत होती. नाकातोंडाला बांधलेला गमछा तिला काय अडविणार?

दुपारी ते मला म्हणाले, "मैडम जी, आप मराठे हैं न? चलिए, आपका मैदान दिखा दें." अशा रीतीने मी काला अंब येथे पोहोचले.

शहराबाहेर एक बाग आहे. मध्ये लोखंडी कठड्याच्या आत विटांचा एक स्तंभ. येथे एक आंब्याचे झाड होते; लढाईत सांडलेल्या रक्ताने त्याची फळे काळसर पडली, अशी आख्यायिका आहे. झाड आता नाही. १४ जानेवारी १७६१, संक्रांतीच्या सुमाराचा दिवस. सदाशिवरावभाऊंच्या सैन्याजवळ इब्राहिमखान गारद्याचा फ्रेंच पद्धतीने तयार झालेला तोफखाना होता, त्या काळच्या हिंदुस्थानातील उत्तम यंत्रसामग्रींपैकी एक. आणि ते सैन्य रसद तुटून उपाशी होते. तोफा होत्या, भाकर नव्हती. एवढे बोलून मी हा विषय सोडते. पानिपतच्या पराभवाची कारणे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही.

मला तेथे उभी असताना आठवला तो काशिराज पंडित. हा दख्खनी ब्राह्मण अवधच्या शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे विरुद्ध बाजूस होता. पुढे १७८० मध्ये त्याने फार्सीत ह्या लढाईची हकीकत लिहिली. लढाईनंतर भाऊंचा देह शोधण्याच्या कामी तो होता. रणांगणावर प्रेतांच्या राशी. त्यांत मस्तक नसलेला एक देह सापडला. तो कोणाचा? ओळख पटली ती अंगावरच्या खुणांवरून. भाऊंच्या पाठीवर एका जुन्या जखमेचा व्रण होता. मुजफ्फरखान गारद्याने लढाईपूर्वी पुण्यात त्यांच्यावर केलेल्या हल्ल्याचा. ज्यांनी तो माणूस जवळून पाहिला होता, त्यांनाच ती खूण ठाऊक. तरी महाराष्ट्राचा विश्वास बसला नाही; पुढे एक तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन होईपर्यंत अनेक शहाण्यासुरत्या माणसांनी त्यालाच भाऊ मानले. माणूस ओळखणे हे इतके अवघड आणि इतके वेळ खाणारे काम आहे. आपला प्रभूदेखील थोमाला ओळख पटावी म्हणून जखमाच दाखवितो.

ह्या स्तंभाजवळ माझ्या शेजारी जे गृहस्थ उभे होते, त्यांची खूण मला आठ महिने माहीत नव्हती.

आपणांपैकी कोणी म्हणेल, बाई, ह्यात यंत्राचा काय दोष? दोष नाहीच. मी जुन्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांपैकी नाही. जुन्या काळी माझ्यासारख्या स्त्रीला हा व्यवसायच करता आला नसता. स्टेथोस्कोप कसा जन्मला, ते पाहा. १८१६ मध्ये पॅरिसच्या नेकेर रुग्णालयात डॉ. लायनेक ह्यांना एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावण्याचा संकोच वाटला. त्यांनी कागदाची सुरळी केली आणि तिच्यातून ऐकले. मग लाकडाची नळी केली. हे गृहस्थ बासरी वाजवीत आणि स्वतःच्या बासऱ्या स्वतः घडवीत, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. समोरच्या स्त्रीची लाज त्यांनी ओळखली आणि फावल्या वेळची कला कामी आली, तेव्हा यंत्र निर्माण झाले. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यावयाचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा ह्यांचे पाणी करून ते पाजण्याचे काम रुग्णांच्या आयांच्या आणि नातलगांच्या हाती दिले. शंभरातील तीस दगावत होते, ते चारांहूनही कमी दगावू लागले. आणि आपल्याच जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे ह्यांनी, वेल्लोरचे शिक्षण आणि परदेशी पदव्या गाठीशी असताना, निरक्षर खेडूत बायांना आरोग्यसेविका केले. त्यांतल्या कित्येक दलित समाजातल्या होत्या. डॉक्टराला जे दारावरून दिसत नाही, ते त्या बायांना चुलीजवळ बसून दिसे. हे तिन्ही तंत्रज्ञानच आहे. आमच्याकडे आता छातीचा एक्स-रे वाचून क्षयाचा संशय दाखविणारी संगणक-प्रणाली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा प्रणालींना मान्यता दिली. ती थकत नाही, आणि माझ्या नजरेतून निसटलेली एक सावली तिने मला दाखविली आहे. मी तिची ऋणी आहे. ती मला दररोज तासभर वाचवून देते. प्रश्न त्या तासाचाच आहे.

तो तास रुग्णांना परत द्यावयाचा, असे पानिपताहून परतल्यावर मी ठरविले. प्रत्येक नव्या रुग्णास पडद्याकडे पाठ करून पाच प्रश्न विचारावयाचे, पहिला रामाझ्झिनीचा. दोन आठवडे समाधान वाटले. तिसऱ्या आठवड्यात, दुपारी दोन वाजता, एक म्हातारे गृहस्थ बाहेरच्या बाकावरून उठून तसेच निघून गेले. मेरठहून पहाटे आले होते. परतीची गाडी चुकली असती. सिस्टरांनी मला सांगितले, तेव्हा ते फाटकाबाहेर गेले होते. त्यांना काय झाले होते, मला कधीच कळणार नाही.

तेव्हापासून मार्काच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय मला सोडीत नाही. याईराची बारा वर्षांची मुलगी अत्यवस्थ आहे. प्रभू तिच्याकडे निघाला आहे. गर्दी अंगावर लोटते आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली, वैद्यांवर सर्व काही खर्च करून अधिकच खालावलेली एक स्त्री मागून त्याच्या वस्त्राला शिवते. (स्वतः वैद्य असलेल्या लूकाने वैद्यांविषयीचा हा शेरा बराच सौम्य केला आहे, ह्याचे मला नेहमी हसू येते.) ती बरी झालेली आहे. काम झाले आहे. कार्यक्षमतेचा नियम सांगतो, पुढे चला. आणि तो थांबतो. मला कोण शिवले, असे विचारतो. ती भीतभीत पुढे येऊन सर्व हकीकत सांगेपर्यंत तो उभा राहतो. ह्या वेळात याईराच्या मनाचे काय झाले असेल? ती हकीकत संपते न संपते तोच निरोप येतो, की मुलगी वारली.

प्रभूने तिला उठविले. मला ते सामर्थ्य नाही. एकाजवळ थांबले तर दुसऱ्याचा वेळ जातो, आणि तो दुसरा उठून मेरठला निघून जातो. रुग्णालयाने रुग्णसंख्या कमी करावी, आणखी डॉक्टर नेमावेत, हे सर्व मी लेखी मागितले आहे. उत्तर आले तर बरेच होईल. तोवर मी पाचाऐवजी दोन प्रश्न विचारते.

आणि त्या गृहस्थांचे काय? निदान हाती आले. पण त्याबरोबर मी त्यांना उपाय कोणता सांगितला? धुळीपासून दूर राहा. मालकाने त्यांना निवडीवरून काढून तयार घोंगड्यांच्या भरणीच्या कामावर घातले. तेथे नजरेचे मोल नाही, म्हणून मजुरी कमी. मी दिलेल्या उपचाराचा खर्च दर आठवड्यास त्यांच्या वेतनातून कापला जातो. औषध निम्म्यावर आले आहे, धाप बरीच कमी आहे. मुलीने वहीत आता तिसरा रंग सुरू केला आहे: भरणीच्या दिवसांसाठी निळा.

गेल्या महिन्यात ती वही माझ्याकडे आली. निळे ठिपके वर, एका सरळ ओळीत. परंतु चार रविवारी लाल नाही आणि निळाही नाही. काळा आहे. सुटीच्या दिवशी ते दुसऱ्या कोणाच्या गोदामात निवडीला जात असावेत. मला त्यांनी हे सांगितलेले नाही. मुलीने मात्र जे होते ते प्रामाणिकपणे उमटविले आहे. ते येत्या मंगळवारी येणार आहेत. यादीत त्यांचा क्रमांक अठ्ठेचाळिसावा आहे.